दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "एका डोळ्याने छान दिसतंय, दुसऱ्याचं बघू पुढे." आई मागे असूनही गप्प राहिली, तेव्हाच कळलं की अडचण डोळ्याची नाही, बिलाची आहे. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले.

तुमचा संताप मला पूर्ण पटतो. विमा कंपनीचं मंजुरीचं पत्र हातात होतं. विमा डेस्कवरून "काका, सगळं कॅशलेस आहे, काळजी करू नका" असं सांगितलं होतं. आणि ऑपरेशन झाल्यावर, डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला बिलिंग काउंटरसमोर ताटकळत बसवलं, फायनल अप्रूव्हल यायचंय म्हणून. आलं ते रक्कम कापूनच. का कापली विचारलं तर हॉस्पिटल म्हणतं टीपीएला (कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) विचारा, टीपीए म्हणतो कंपनीला विचारा. आईने पैसे भरले तेव्हा कुठे तुम्हाला घरी सोडलं. इतकी वर्षं हप्ता न चुकवणाऱ्या माणसाला ही वागणूक मिळावी, याची मला चीड येते.

तुम्ही पाठवलेले सगळे कागद मी वाचले. पहिली मंजुरी हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकावर दिलेली असते; खरा आकडा फायनल बिल तपासून ठरतो. हे ऑपरेशनच्या आधी तुम्हाला सांगणं त्यांचं काम होतं. तुमच्या पॉलिसीत विम्याची रक्कम मोठी असली तरी मोतीबिंदूला दर डोळ्यामागे वेगळी मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या वरचे पैसे मिळणार नाहीत, त्यावर भांडून उपयोग नाही.

पण कंपनीने मर्यादेपर्यंतचे पैसेसुद्धा दिलेले नाहीत! लेन्सच्या किमतीपुढे 'वाजवी व प्रचलित दर' एवढंच लिहून तिथेही कात्री लावली आहे. हा दर कुठून काढला, कोणत्या कलमाखाली, याबद्दल एक ओळ नाही. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की दाव्याचा काही भाग जरी नाकारला, तरी पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला देऊन तसं कळवायला हवं. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची, हेही त्यातच आहे.

म्हणून मी कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र तयार केलंय. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाऊ. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात अर्ज केला म्हणजे झालं. लोकपालाचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो. बाबा, यात "कशाला कुणाच्या तोंडी लागायचं" असं काही नाही. पैसे तुमचे आहेत.

आई, एक काम तुझं. लेन्सच्या डब्यावरचं स्टिकर फाइलमधल्या कागदावर चिकटवलेलं असेल, त्यावर मॉडेल, पॉवर आणि सिरीयल नंबर असतो. त्याचा स्पष्ट फोटो मला पाठव. थेंबांची बिलं प्रिस्क्रिप्शनसकट जपून ठेव. तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च बसतो, आणि तो आपण मागितलेलाच नाही. शिवाय कंपनीकडे ग्राहक माहिती पत्रक मराठीत मागून घे. पॉलिसीची मुख्य कलमं त्यात सोप्या भाषेत असतात आणि मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यावं लागतं. इंग्रजी बारीक टाइपातली ती जाडजूड पॉलिसी वाचायला लावून तुमच्यासारख्यांना गप्प करतात, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आता दुसरा डोळा. बाबा, जिना उतरताना तुम्ही प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपता, हे मी गेल्या वेळी पाहिलं. एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धूसर असला की खोलीचा अंदाज चुकतो. पडलात तर पुढचं सगळं फार अवघड होईल. मोतीबिंदू जास्त पिकू दिला तर ऑपरेशनही कठीण होतं. कापलेल्या दाव्याची भीती बाळगून डोळा थांबवणं मला मान्य नाही.

या वेळी लेन्सचं नाव आणि किंमत अंदाजपत्रकात आधी लिहून घेऊ, आणि त्यातलं किती मिळेल ते कंपनीकडून ईमेलवर विचारू. तोंडी "होईल हो" चालणार नाही. काउंटरवर मी बसेन, तुम्ही नाही. वरचा फरक मी भरणार आहे, त्यावर चर्चा नको.

डॉक्टरांकडून तारीख घ्या आणि मला कळवा, म्हणजे रजा टाकते. तक्रारीच्या पत्रावर बाबांची सही लागेल. आई, प्रिंट काढून सही झाली की दोन्ही पानांचे फोटो आजच पाठव.

तुमची,
लेक