उजवा गुडघा की डावा?

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. "नाव-बिव नको हं, मी केलंय काय एवढं," असं तुम्ही फोनवर बजावलंत, तेवढं पाळते. पण आभार मनातल्या मनात मानून गप्प बसणं मला जमणार नाही. बँकॉकहून आलो, बॅगा माळ्यावर गेल्या, फोटो सगळ्यांचे बघून झाले, तरी घरात तुमचा विषय निघाला की माझा आवाज बदलतो. आई तर सरळ डोळ्याला पदर लावते.

आपली ओळख ती काय? आईच्या भिशीतल्या काकूंचा भाचा पूर्वी तुमच्या बँकॉकच्या ऑफिसात होता. एवढ्या ओळखीवर लोक लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवत नाहीत.

आईला बँकॉकच्या वाट फो देवळातला आडवा बुद्ध बघायचा होता. कुठल्याशा दिवाळी अंकात तिने फोटो पाहिला तेव्हापासूनचं हे खूळ. बाबा होते तोवर "बघू पुढच्या वर्षी" चाललं, मग बाबाच गेले. आता आईचं वय चौऱ्याहत्तर, गुडघ्यांची वाट लागलेली, आणि माझी नोकरी खाजगी शाळेतली. म्हणजे विमानाचं तिकीट काढल्यावर हॉटेलसाठी जे उरणार त्यात पंचतारांकित काही बसणार नव्हतं. स्वस्तातली, स्वच्छ, लिफ्ट असलेली खोली हवी होती. यात अवघड काय आहे, असं मलाही वाटत होतं.

आमच्या इथल्या ट्रॅव्हल एजंटने काय केलं ते आता सांगतेच. नाव त्याचंही घेत नाही. "मॅडम, सुखुमवितला देतो, एकदम सेंटरला, मेट्रोपासून पाच मिनिटं." मी विचारलं, हॉटेलला लिफ्ट आहे ना? तर हसला. "बँकॉक आहे ते मॅडम, सगळीकडे लिफ्ट असते." पैसे भरले. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून भरावं लागतं, ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. त्याचेही त्याने माणशी पाचशे रुपये लावले, 'फॉर्म चार्जेस' म्हणून.

नातेवाइकांचं वेगळंच. कोणी म्हणालं, या वयात कशाला नेतेस, परदेशात काही झालं तर? कोणी म्हणालं, टॅक्सी करा की, स्वस्त असते तिथे. एक मामा तर म्हणाले, यूट्यूबवर दाखव तिला बुद्ध, मोठ्या टीव्हीवर मस्त दिसतो. सगळे आपापल्या परीने प्रेमळच. पण मदत एकाचीही नाही.

मग तुमचा नंबर मिळाला. मी संकोचत मेसेज केला, हॉटेलचं नाव पाठवलं, एरिया कसा आहे एवढंच विचारलं. तुमचं उत्तर आलं ते मी अजून जपून ठेवलंय. बजेट किती, किती दिवस, काय काय बघणार, यातलं काहीच नाही. पहिलाच प्रश्न: "आईंचा कुठला गुडघा जास्त दुखतो, उजवा की डावा?"

ताई, खरं सांगते, हे आजवर डॉक्टरशिवाय कोणीच विचारलं नव्हतं. "उजवा," मी लिहिलं. "मग उतरताना कठडा कुठल्या हाताला लागतो?" तुमचा पुढचा प्रश्न. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारून आले.

त्यानंतर तुम्ही एजंटच्या हॉटेलची जी चिरफाड केलीत! ते 'पाच मिनिटं' म्हणजे नकाशावर आखलेली सरळ रेघ. खरा रस्ता लांबलचक गल्लीतून आत जातो, तिथली माणसं तेवढ्यासाठी गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकीटवाल्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून जातात. (आईला मोटरसायकलवर बसवून नेण्याची कल्पना मी तिला बोलून दाखवली. ती चक्क तयार होती. ते सोडा.) आणि हॉटेल म्हणजे खाली दुकान, वर खोल्या अशी चिंचोळी चार मजली इमारत. तिथे लिफ्ट नाही, हे तुम्ही फोन करून, थाई भाषेत विचारून घेतलंत. एजंटला हे ऐकवलं तर म्हणतो, "मग ग्राउंड फ्लोअर मागून बघा." ग्राउंड फ्लोअरला दुकान आहे, अहो! बुकिंग रद्द केलं, त्यात त्याने बरेच पैसे कापले. त्याचं मला आता काही वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की खोटं बोलताना त्याला माझ्या आईचं वय माहीत होतं.

तुम्ही म्हणालात, सुखुमवितचा नाद सोडा. जमिनीखालच्या मेट्रोची निळी लाइन धरा, हुआई ख्वांगच्या आसपास बघा. टुरिस्टांची गर्दी कमी, खोल्या स्वस्त, आणि त्याच गाडीने डबा न बदलता सनाम चाय स्टेशनला उतरलं की वाट फो जवळ. शिवाय हुआई ख्वांगच्या चौकातच गणपतीचं देऊळ आहे, हे तुम्ही अगदी शेवटी, सहज सांगितल्यासारखं सांगितलंत. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आई यावरच हो म्हणणार. म्हणालीच.

लिफ्टचं शास्त्रही मला तुमच्याकडूनच कळलं. स्टेशनला लिफ्ट आहे एवढ्यावर भागत नाही, ती रस्त्याच्या कुठल्या अंगाला उघडते ते बघायचं. हॉटेल त्याच अंगाला घ्यायचं, नाहीतर लिफ्टने वर येऊन परत पादचारी पुलाचे जिने आहेतच. पुलावरून धावणारी दुसरी मेट्रो, बीटीएस, १९९९ साली सुरू झाली तेव्हा बहुतेक स्टेशनांवर लिफ्टच नव्हती, अपंग मंडळी कोर्टात गेली, आणि २०१५ साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सगळ्या तेवीस स्टेशनांना लिफ्ट बसवायचा हुकूम दिला, हेही तुम्हीच सांगितलंत. "म्हणून तिथे लिफ्टमध्ये शिरताना मी मनात त्या लोकांना नमस्कार करते," असं म्हणालात. मी तेव्हा हसले होते.

इथपर्यंत सगळं एखादी हुशार, भली बाई करते तसं. खरी गोष्ट पुढेच आहे.

मी दोन हॉटेलं निवडून पाठवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमचे व्हिडिओ आले. ऑफिस सुटल्यावर तुम्ही स्वतः तिथे गेला होतात. पहिला व्हिडिओ मी उघडला आणि मला कळेना, हा इतका संथ का आहे. वाटलं फोन अडकतोय. फुटपाथ दिसतोय, तुमच्या तपकिरी चपला दिसताहेत, एक पाऊल, मग दुसरं, मग थांबणं. मागून गाड्यांचा आवाज. मग तुमचा आवाज आला: "मी आईंच्या चालीने चालतेय हं. माझ्या चालीने मोजलं तर तुम्हाला काही उपयोग नाही."

लिफ्टच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत तुम्ही तशाच चाललात, दिवसभर ऑफिसात राबून आल्यावर. एके ठिकाणी लादी हलत होती, तिथे थांबून तुम्ही ती पायाने डुगडुग करून दाखवलीत. "पावसात याच्याखालचं पाणी उडतं, बाजूने जा." पुढे फळवाल्या बाईच्या गाडीशेजारी प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्यावर पर्स ठेवून उंची दाखवलीत आणि म्हणालात, "मी हिला विचारलंय, आई दमल्या तर बसू देईल. उठताना धरायला हा खांब आहे, उजव्या हाताला येतो." मागे ती फळवाली हसत होती, हातात पेरू सोलायचा चाकू.

हॉटेलात शिरायला तीन पायऱ्या, कठडा फक्त एका बाजूला. खोलीही उघडून घेतलीत. न्हाणीघराचा उंबरा मोजायला पट्टी नव्हती तर पाण्याची बाटली आडवी ठेवलीत. "बघा, बाटलीच्या जाडीएवढा." पलंगावर बसून उठून दाखवलंत. दुसऱ्या हॉटेलचा व्हिडिओ आखूडच होता, कारण तिथला उंबरा दीड बाटली निघाला आणि तुम्ही म्हणालात, "हे कॅन्सल."

तो पहिला व्हिडिओ आईने किती वेळा बघितला त्याची गणतीच नाही. शेवटी रस्ता तिला पाठ झाला. तिथे प्रत्यक्ष पोचलो तेव्हा मी नकाशा उघडत होते आणि ती पुढे निघालेली. "अगं इथून, ती लादी हलते ना तिथून बाजूने." मुलीचा हात न धरता माझी आई परक्या देशात, परक्या रस्त्यावर चालत होती. बाबा गेल्यापासून मी तिला असं चालताना बघितलं नव्हतं.

बाकी प्रवासाचं फार लिहीत नाही. पहिल्या दिवशी विमानतळावरून टॅक्सीच करा, त्या दिवशी काटकसर नको, हा तुमचा सल्ला बरोबर ठरला. यंत्रातून चिठ्ठी घेतली, मीटरवर पन्नास बाथ जास्त दिले, कटकट नाही. शाकाहाराचं म्हणाल तर पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी बघायला शिकलो, पोटाला भात, फळं आणि बरोबर नेलेले खाकरे. चौकातल्या गणपतीला आईने झेंडूचा हार वाहिला आणि शेजारी उभ्या थाई मुलीला अथर्वशीर्ष म्हणून दाखवलं. त्या मुलीने ते हात जोडून पूर्ण ऐकलं. मला इतकं लाजल्यासारखं झालं आणि इतकं बरंही वाटलं.

आणि वाट फो. सेहेचाळीस मीटर लांब, पंधरा मीटर उंच असा तो आडवा बुद्ध त्या दालनात असा भरून राहिलाय की एका नजरेत मावतच नाही, खांबांमधून तुकड्या-तुकड्यानेच बघावा लागतो. आई तळव्यांपाशी खूप वेळ उभी होती. शिंपल्याच्या त्या १०८ चिन्हांतलं कमळ तिने ओळखलं, हत्ती ओळखला. मग पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत काशाच्या १०८ वाट्या मांडल्यात, त्यांत एकेक नाणं टाकत जायचं असतं. जपमाळ ओढावी तशी ती टाकत गेली. मी मध्येच म्हणाले, दमलीस का, बसूया. म्हणाली, "ताईंच्या नावाने चाललंय, मध्ये थांबवू नकोस."

नदीपलीकडच्या वाट अरुण देवळाच्या त्या उभ्या पायऱ्या मात्र आम्ही अलीकडच्या तीरावरूनच बघितल्या. त्याबद्दल काय लिहिलं होतंत ते आठवतं ना? "लांबून जास्त सुंदर दिसतं, वर चढून तेच देऊळ दिसत नाही."

तुम्ही त्या आठवड्यात नेमक्या कामासाठी च्यांग माईला गेलात आणि आपली भेट राहिली. तुमचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही, फक्त चपला. परत आल्यावर विचारलं, एवढा वेळ का काढलात आमच्यासाठी, तर "इथे राहून कळतं हो, म्हाताऱ्या माणसांना काय लागतं," एवढंच म्हणालात आणि विषय बदललात. त्यामागे तुमचं स्वतःचं काही असेल. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

पण एक बोलू द्या. आपल्याकडे मदत म्हणजे ओळख लावून देणं, नाहीतर पैसे देणं. 'काही लागलं तर सांग' हे तर आपण येता-जाता म्हणतो, मीही म्हणते. सांगायला लागू नये म्हणून आधीच तिथे जाऊन चालून येणारं माणूस विरळाच. मेट्रोत आईला बघून शाळेच्या गणवेशातली मुलं उभी राहायची, काही न बोलता, फोनमधून डोकं वर काढून. सातव्या मजल्यावर साफसफाई करणारी बाई रोज आईसाठी लिफ्टचं दार धरून ठेवायची. पैसे दिले तर घेईना, खाकरा घेतला. शेवटच्या दिवशी रिसेप्शनवरच्या पोराने डिपॉझिटच्या नोटा मोजून दिल्या आणि आईला वाकून नमस्कार केला. ही माणसं सगळीकडे असतात, आमच्या नाशकातही आहेतच. एजंटच्या ऑफिसात तेवढी भेटली नाहीत.

त्या एजंटचा परवा मेसेज आला होता, 'ट्रिप कशी झाली, फाइव्ह स्टार रिव्ह्यू द्या.' मी त्याला तुमचा फुटपाथचा व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, पुढच्या वेळी कोणाची म्हातारी आई असेल तर हा बघा. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

आता कामाचं. समोरच्या बिल्डिंगमधल्या देशपांड्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाला बँकॉकला येतोय. आईने त्याच्याजवळ द्यायला मेतकूट, कुळथाचं पीठ आणि लसणाची चटणी काढून ठेवलीय. चटणीचा वास बॅगेबाहेर येऊ नये म्हणून ती तीन पिशव्यांत बांधलीय. तुमच्या ऑफिसचा पत्ता तेवढा पाठवा. आणि "कशाला उगाच" असं लिहू नका, आई ऐकणार नाही.

तुमची,
(आणि आईचा आशीर्वाद)