रविवारची बैठक : घरच्या कैद्याच्या शिक्षामाफीच्या अर्जाचे कागद घेऊन या

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता शनिवार पेठेतल्या नेहमीच्या खोलीत बसायचंय. अर्जाची पोच, निकालपत्र, जे असेल त्याची झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा. ‘फाइल वर गेलीय’ हे उत्तर सगळ्यांनीच ऐकलंय. माझ्या पोचेवरचा शिक्का तर आता वाचताही येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलंय, की मुदतपूर्व सुटकेचं, म्हणजे उरलेली शिक्षा माफ करून लवकर सोडण्याचं, धोरण असलेल्या राज्याने पात्र कैद्याचा विचार अर्जाविनाही करावा आणि नकाराचं कारण कळवावं. तेव्हा कारण मागायला लाजू नका. जन्मठेपेत 14 वर्षं झाली की आपोआप सुटका होत नाही, हे मात्र घरच्या म्हाताऱ्यांना नीट समजवा. एजंटाला दमडीही देऊ नका. पीएमपी बसने येणाऱ्यांनी शनिवारवाड्याला उतरा.