विषय: वटवाघळाचं क्रोशा किट, चुकीची पुस्तिका, गायब चकत्या आणि तुमच्या कस्टमर केअरचं हवामानशास्त्र

प्रति,
व्यवस्थापक (किंवा जे कोणी हे खरंच वाचत असतील ते),

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि डोकं गरम आहे तोवरच लिहायला बसलेय, कारण थंड झालं की मी "जाऊ दे, मरू दे" म्हणणाऱ्यातली आहे आणि तुमच्यासारख्या कंपन्या अशा बायकांच्या जिवावरच चालतात. ऑर्डर नंबर, बिल, फोटो सगळं सोबत जोडलंय. आधीच्या ईमेललाही जोडलं होतं, त्यावर "फोटो मिळाले नाहीत" असं उत्तर आलं, आणि त्या उत्तराखाली माझेच फोटो दिसत होते.

तुमचं ते छोटं वटवाघूळ किट, काळं अंग, जांभळे पंख, ७४९ रुपयेवालं. डब्यावर लिहिलंय 'नवशिक्यांसाठी, एका संध्याकाळी तयार'. कुठल्या संध्याकाळी ते लिहायचं राहिलंय बहुतेक.

आधी पुस्तिकेचं सांगते. डोक्याची सुरुवात मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे धाग्याच्या ओढून बंद होणाऱ्या गोलात, ६ मुके खांब (क्रोशाचा साधा बुटका टाका), दुसऱ्या फेरीत १२, मग १८, मग २४. इथपर्यंत ठीक, दर फेरीला ६ वाढतात, गोल सपाट वाढवायचा तर असंच असतं. पाचव्या फेरीत तुम्ही लिहिलंय "३ मुके खांब, पुढच्या टाक्यात दोन, असं ६ वेळा, एकूण ३६". आता तुमच्या ऑफिसात कोणाला तरी पाढे येत असतील तर त्यांना बसवून हे करून बघायला सांगा. तीन साधे आणि एकात दोन म्हणजे पाच टाके, पाच सक तीस. तीस! छत्तीस कुठून आणायचे? आणि पुढची फेरी "५ मुके खांब, एकात दोन, ६ वेळा, एकूण ४२", ती घालायला हातात आधी छत्तीस टाके पाहिजेत, म्हणजे तीसवाल्याची गाडी तिथेच बंद. मला तर बघताक्षणी कळलं काय झालंय ते. मधली "४ मुके खांब, एकात दोन" ही अख्खी फेरी छापताना उडालीय, पाचवीचं पहिलं अर्धं आणि सहावीची बेरीज एका ओळीत चिकटलीय. मी ती फेरी मनाने घातली आणि पुढे गेले, कारण मी लग्न होऊन आले तेव्हापासून क्रोशाची सुई हातात आहे, सासूबाईंनी शिकवलं, गणपतीची तोरणं काय, टीव्हीवरचे रुमाल काय, सगळं केलंय. पण तुम्ही डब्यावर नवशिक्यांसाठी म्हणून लिहिता ना? एखादी पहिल्यांदाच सुई धरणारी मुलगी रात्रभर तीसच टाके उसवून उसवून मोजेल आणि आपल्यालाच जमत नाही म्हणून डबा माळ्यावर टाकेल. तिचा फोन तुम्हाला येणार नाही, म्हणून तुम्हाला वाटतं पुस्तिका बरोबर आहे.

सुईचंही तेच. पुस्तिकेत ३ मिमी, डब्यात ५ मिमी. असल्या खेळण्यांचे टाके घट्ट लागतात, नाहीतर आतला कापूस भोकाभोकातून डोकावतो. पाच मिमीने केलेल्या नमुन्याचा फोटो जोडलाय, काळ्या अंगावर पांढरा कापूस, वटवाघूळ नाही ते, खरूज झालेला उंदीर आहे. सासूबाई बघून म्हणाल्या, "ह्यां काय गो केलंस?" घरात ३ मिमीची सुई होती म्हणून वाचले.

आता मुख्य गोष्ट. डोळे. तुम्ही दोन ८ मिमीचे सेफ्टी डोळे दिलेत आणि त्यांच्या मागच्या चकत्या दिल्याच नाहीत. तुमचाच माल आहे तेव्हा तुम्हाला माहीत असणार, तरी तुमच्या माणसांना माहीत नाही असं दिसतंय म्हणून लिहिते. डोळ्याची दांडी बाहेरून टाक्यांमधून आत घालायची, आतून त्यावर चकती दाबून बसवायची, ती एकदा कट्ट करून बसली की परत निघत नाही, म्हणून त्याला सेफ्टी म्हणतात. आणि हे सगळं डोकं बंद करायच्या आधी, कापूस पूर्ण भरायच्या आधी. चकती नाही तर डोळा नाही, डोळा नाही तर डोकं बंद करता येत नाही, डोकं बंद नाही तर पंख कुठे जोडू? म्हणजे दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्यांपायी अख्खं काम उघड्या डोक्याने टेबलावर पडून आहे. मालवणच्या बाजारात मी सगळीकडे विचारलं, शिवणाच्या दुकानात बटणं मिळतात, ह्या चकत्या नाही मिळत. आणि एकटी चकती कोण विकतं, अख्खं पाकीट घ्यावं लागतं ऑनलाइन.

पंखांचं पान तर नाहीच, तिथे क्यूआर कोड आहे, तो स्कॅन केला की सशाचा पॅटर्न उघडतो. कान लांब आहेत, गोंडस आहे, पण मला उडणारं काहीतरी पाहिजे होतं.

बरं हे सगळं मी कशाला करत बसलेय ते पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला उद्योग नाही. आमचं घरगुती होमस्टे आहे, तारकर्लीच्या रस्त्याला. मागे जुना वड आहे, त्यावर वटवाघळांची वस्ती, ती मोठी फळं खाणारी, दिवसभर उलटी लटकून कचकच भांडतात आणि दिवेलागणीला एक एक करून चिकूच्या बागांकडे निघतात. सकाळी अंगणात उंडीच्या बिया पडलेल्या असतात त्यांनी आणून टाकलेल्या. २०१८ ला केरळात वटवाघळांकडून माणसांत येणारा निपाह आला, मग कोविड, तेव्हापासून शहरातून आलेली पाहुणेमंडळी वडाकडे बघून तोंड वाकडं करतात, एकांनी तर झाड तोडून का नाही टाकत म्हणून विचारलं. पण पोरांना मजा वाटते. पोरं संध्याकाळी माना वर करून मोजत बसतात. म्हणून आमच्या बचत गटात ठरलं की क्रोशाचं वटवाघूळ करू, काउंटरवर टांगू, पोरं घेतील, दोन पैसे सुटतील. एक करून बघते, जमलं तर सगळ्यांसाठी तुमचीच किटं मागवू असं मीच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. गटात आता माझी जी अवस्था आहे ती तुमच्या कुठल्याच कूपनने भरून येणार नाही.

आता फोनचं. आधीच्या फोनांवर नुसतं "कळवतो मॅम" होतं, ते एकवेळ परवडलं. आजचा जो मुलगा होता त्याने कहर केला. मी त्याला पुस्तिकेचं पहिल्यापासून सांगितलं, तीस का येतात ते अगदी हळूहळू, शाळेतल्या मास्तरणीसारखं. तो म्हणतो, "मॅम, सिस्टीममध्ये पॅटर्न बरोबर दाखवतोय." मी म्हटलं सिस्टीमने विणून बघितलं का? तर म्हणतो, "मॅम, तुम्ही कुठून बोलताय?" मालवण म्हटलं. तर एकदम आवाजात उजेड पडला त्याच्या. "हां मॅम, कोकण ना, तिकडे हवा दमट असते. लोकर आक्रसते दमट हवेत. म्हणून तुमचे टाके कमी भरत असतील."

मी दोन मिनिटं गप्पच झाले. खरंच. अहो, लोकर आक्रसली तर टाका बारीक होईल, सहा टाके हवेत विरून जातील का? आणि ती लोकर कसली, तुमच्याच लेबलवर १०० टक्के ॲक्रिलिक लिहिलंय, प्लॅस्टिकच्या जातीचा धागा तो, त्याला दमट हवेचं काय सोयरसुतक. आमच्याकडे पावसात पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, टाके नाही सादळत. हे सगळं मी त्याला बोलले. त्यावर त्याने काय विचारावं? "मॅम, घरी कोणी आहे का, मुलगा किंवा सून, त्यांना फोन देता का, मी त्यांना समजावतो."

मला. समजावतो. पुस्तिकेतली चूक मी शोधली, गाळलेली फेरी मी भरली, आणि समजवायला पाहिजे माझ्या मुलाला, ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही.

तरी मी राग गिळला आणि म्हटलं बाबा रे, पुस्तिकेचं सोड, चकत्या तेवढ्या पाठव. तर म्हणतो, "मॅम, अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे का?" ७४९ रुपयांच्या लोकरीचा डबा उघडताना मी शूटिंग करायचं होतं, घरात लग्न असल्यासारखं! व्हिडिओ नाही म्हटल्यावर, "मग मॅम डोळे गोंदाने चिकटवा ना." गोंदाने. लहान पोराच्या हातातलं खेळणं, ते पहिलं तोंडात जाणार, चिकटवलेला डोळा सुटून घशात अडकला तर कोण जबाबदार, तुम्ही की आमची दमट हवा? तीन वर्षांखालच्या पोरासाठी तर चकतीवाला डोळासुद्धा वापरत नाहीत, धाग्यानेच भरतात. हे सांगायला मी पाहिजे का तुम्हाला? आणि एवढं झाल्यावर तो विचारतो "मी तुम्हाला आणखी काही मदत करू शकतो का", आणि फोन ठेवतोय तोच मेसेज, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल. सोबत ५० रुपयांचं कूपन, ९९९ च्या वरच्या खरेदीवर. म्हणजे माझ्या चकत्या मिळवायला मी अजून हजार रुपये तुमच्याकडेच घालायचे.

परत करते म्हटलं तर "तुमच्या पिनकोडला पिकअप नाही". माल पोचवायला मालवण नकाशावर असतं, परत न्यायला नसतं.

डब्याच्या मागे 'जाणून घ्या' म्हणून चौकट आहे, त्यात छापलंय वटवाघूळ हा आंधळा पक्षी. अहो पक्षी नाही तो, पिल्लांना दूध पाजणारा प्राणी आहे, आणि आमच्या वडावरची तर डोळ्यांनी आणि नाकाने फळ शोधतात, हे एवढाले डोळे असतात त्यांचे. बहुतेक आंधळा समजूनच तुम्ही डोळ्यांच्या चकत्या पाठवल्या नसाव्यात.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. एक, ८ मिमीच्या डोळ्यांच्या चकत्या, दोनाच्या जागी चार पाठवा, एखादी फुटते. दोन, ३ मिमीची सुई. तीन, पंखांचं पान, वटवाघळाच्या पंखांचं. चार, पुस्तिकेतली चूक लेखी मान्य करून दुरुस्ती तुमच्या साइटवर टाका, ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांना मेसेज करा. स्टार मागायला मेसेज जातो ना सगळ्यांना, मग हा पण जाईल. आणि चकत्या. चकत्या मी दोनदा लिहिल्या ते चुकून नाही.

हे जमत नसेल तर ७४९ परत द्या आणि डबा तुमच्या खर्चाने घेऊन जा.

आता धमकी समजा किंवा माहिती समजा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर असावं लागतं. तुमच्या साइटवर मी शोधलं, तिथे नुसता हसणारा रोबो आहे, तो "हाय, मी कशी मदत करू" म्हणतो आणि त्याला पण काही येत नाही. ४८ तासांत माणसाने लिहिलेलं उत्तर आलं नाही तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार, आणि तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आमच्याच जिल्ह्यात आहे, २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे केस टाकता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पण नाही. मी काळं डोकं, उघडा कापूस आणि तुमची पुस्तिका घेऊन उभी राहीन आणि साहेबांसमोर तीस टाके मोजून दाखवीन. मला काही घाई नाही, पावसात होमस्टे रिकामाच असतो.

वाईट एवढंच वाटतं की तुमची लोकर खरंच चांगली आहे. टोक सुटत नाही, रंग जात नाही, मागे तुमचीच घेऊन नातवाची टोपी केली होती, अजून धड आहे. म्हणूनच तर किट घेतलं. चांगला माल करणाऱ्यांनी असं वागावं याचं जास्त लागतं.

तुमची (अजूनपर्यंत) ग्राहक,
तारकर्ली रोड, मालवण, जि. सिंधुदुर्ग

ता. क. चकत्या पाठवाल तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा. तुमचा कुरिअरवाला पार्सल कणकवलीला ठेवून "ग्राहक घरी नव्हते" असं लिहितो, ती तक्रार वेगळी करणार आहे.