नागपुरात राहून गेलेला किंग यांचा सहकारी

संपादक महोदय,
स. न.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) यांच्यावर मराठीत लेख येतात, ते बहुधा बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बहिष्कार, १९६३ चे वॉशिंग्टनमधले भाषण आणि १९६८ मधली हत्या एवढ्यावर आटोपतात. त्यांचे घर आणि त्यांची माणसे या लेखांतून जवळजवळ गायबच असतात. याची मला मनापासून खंत वाटते, आणि नागपूरकर म्हणून जरा जास्तच, कारण त्यांचे एक सहकारी, जेम्स लॉसन, आपल्या नागपुरात राहून गेले होते.

किंग यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आणि त्यांच्यानंतर वडील अटलांटातल्या एबेनेझर चर्चचे पाद्री होते. आई अल्बर्टा तिथेच ऑर्गन वाजवत. थोरला मुलगा १९६८ मध्ये गोळीला बळी पडला. पुढच्याच वर्षी धाकटा, ए. डी., पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. तोही पाद्रीच होता आणि १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये त्याच्या घरावर बॉम्ब टाकले गेले होते. ३० जून १९७४ रोजी, रविवारच्या प्रार्थनेत ऑर्गन वाजवत असतानाच अल्बर्टांना एका तरुणाने गोळ्या घातल्या. त्याला मृत्युदंड झाला, पुढे त्याची जन्मठेप झाली. किंग कुटुंबाचा मृत्युदंडालाच विरोध होता. घरातली तीन माणसे सहा वर्षांत गेल्यावरही हे कुटुंब त्या विरोधावर ठाम राहिले, हे मला कोणत्याही भाषणापेक्षा मोठे वाटते.

पत्नी कोरेटा तर हत्येनंतर चौथ्या दिवशी मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या मोर्चात चालल्या. किंग यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी १९८३ मध्ये मंजूर झाली, तीही कोरेटांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्यामुळे. किंग यांनी ते भाषण केले त्या १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चाची सगळी आखणी त्यांचे सहकारी बायर्ड रस्टिन यांची होती. चळवळीतल्या एला बेकर यांनी तरुणांना संघटित केले. ही नावेही आपल्याकडे क्वचितच कानावर येतात.

आणि जेम्स लॉसन! कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार देऊन तुरुंगात गेलेला मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा हा तरुण १९५३ मध्ये आपल्या नागपुरात आला. हिस्लॉप कॉलेजात त्याने शिकवले, मुलांना खेळ शिकवले आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने इथल्याच वृत्तपत्रात वाचली. १९५६ मध्ये तो परतला. १९५७ मध्ये अमेरिकेत ओबर्लिनला किंग यांची भेट झाली, तेव्हा किंग यांनी त्याला ताबडतोब अमेरिकेच्या दक्षिण भागात, चळवळीत येण्याचा आग्रह केला. नॅशव्हिलमध्ये लॉसन यांनी विद्यार्थ्यांना शिव्या आणि मार सोसूनही हात न उगारण्याची रीतसर तालीम दिली. कृष्णवर्णीयांना बसू न देणाऱ्या उपाहारगृहांत १९६० मध्ये झालेल्या सत्याग्रहामागे ही तालीम होती. चळवळीचे पुढचे नेते जॉन लुईस आणि डायान नॅश त्यांचेच विद्यार्थी. या सत्याग्रहामुळे त्या वर्षी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकणाऱ्या लॉसन यांना काढून टाकले. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी किंग यांना बोलावणारेही लॉसनच.

जून २०२४ मध्ये ते वारले. नागपूरच्या रस्त्यांवर वावरलेल्या या माणसाची आठवण आपल्या गावाने ठेवली पाहिजे, असे मला तळमळीने वाटते. पन्नासच्या दशकात हिस्लॉपमध्ये शिकलेले काही जण आज नव्वदीच्या आसपास असतील. त्यांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, क्रीडासंघाचे फोटो कुणाच्या घरी असल्यास आपल्या वृत्तपत्राने ती मागवावीत आणि छापावीत. हे काम याच वर्षी व्हावे, ही आग्रहाची विनंती.

एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर