मुळांची सोबत

पुणे,
२० जून

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. मुळशीच्या जागेतल्या जांभळाच्या रोपांखाली पालापाचोळ्यात पांढरी बुरशी दिसली, म्हणून तू बुरशीनाशकाची आळवणी करणार आहेस आणि वर प्रत्येक खड्ड्यात सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे (फॉस्फरसचे) खतही टाकणार आहेस, हे वाचून मला राहवले नाही. कृपा करून दोन्ही थांबव.

ती पांढरी जाळी रोग नव्हे. काडीकचऱ्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे चिवट द्रव्य, फोडणे मुख्यतः अशा बुरशींनाच जमते, आणि त्यामुळेच पाला मातीत परततो.

त्याहून मोलाचे काम करणारी बुरशी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. महाविद्यालयात असताना वेताळ टेकडीवरून आणलेली कडुनिंबाची कोवळी मुळे आम्ही अल्कलीत उकळून निळ्या रंगात रंगवली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर मुळाच्या एकेका पेशीत फांद्या फुटलेले इवलेसे निळे झाडच उभे होते. देवाणघेवाण तिथेच चालते. झाड साखर देते, बुरशी स्फुरद देते. मुळाभोवतीच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधला स्फुरद लवकर संपतो आणि लाल मातीत तर तो लोहाला घट्ट धरून बसतो; अशा वेळी मुळाच्या केसाहून बारीक असे या बुरशीचे धागे, म्हणजे कवकतंतू, काही सेंटिमीटर दूर जाऊन तो घेऊन येतात. स्फुरदाचे खत भरपूर मिळाले, की मुळात या बुरशीचे वास्तव्य कमी होते, आणि बुरशीनाशक तर तिच्या मुळावरच उठते.

फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली मूळ आणि बुरशी यांच्या या जोडीला मायकोरायझा हे नाव दिले, पण ही जोडी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ती सापडली आहे. या तंतूंतून झाडे एकमेकांशी बोलतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. ते मला पटत नाही, तेवढा पुरावा नाही. आणि जे सिद्ध झाले आहे, तेच मला पुरेसे थोर वाटते.

तुझ्या बांधावरच्या जुन्या जांभळाखालची ओंजळभर माती, बारीक मुळांसकट, प्रत्येक रोपाच्या आळ्यात मिसळ, वर पाला राहू दे आणि खणणे टाळ. श्रावणात मी येईन, तेव्हा एका रोपाची दोन-चार बारीक मुळे घेऊन येथे रंगवून पाहीन आणि काय दिसले ते तुला कळवीन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर