पेन्सिलीची खूण पुसून पुस्तक हाती देणाऱ्या ताईंना

माननीय ताई,

सादर नमस्कार.

वाचनालयाच्या देवघेव विभागात आपल्यासमोर उभे राहून आभार मानण्याचा प्रयत्न मी केला, तेव्हा "त्यात काय एवढे" असे म्हणून आपण पुढच्या सभासदाची नोंद करायला घेतलीत. म्हणून जे तिथे बोलता आले नाही ते या पत्रात उघडपणे लिहीत आहे. आपले नाव लिहिलेले आपल्याला रुचणार नाही याची जाणीव असल्यामुळे ते लिहीत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात पुस्तके बदलायला येणाऱ्या वाचकांना हे पत्र कोणाला उद्देशून आहे ते दोन ओळींत कळेल.

सासूबाईंच्या दीर्घ आजारपणात माझे वाचन सुटले होते. औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणे आणि मधूनमधून येणारी हाक यांतून जे मन तयार होते ते पुस्तकाच्या दुसऱ्या पानापलीकडे टिकत नाही. त्या गेल्यानंतर हाताशी वेळ होता, तरी पुस्तक उघडले की कान दुसऱ्या खोलीकडेच लागत. अशा अवस्थेत मी सभासदत्वाचे नूतनीकरण करायला आले आणि "काहीतरी चांगले द्या" एवढेच म्हणाले. आपण मला कोणता लेखक आवडतो हे विचारले नाही. एका बैठकीत किती वेळ वाचणे जमते, असे विचारलेत. हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारलेला नव्हता, आणि त्याचे उत्तर ऐकून आपण आतल्या कपाटातून गूढकथांचा एक छोटा संग्रह काढून दिलात. रोज एकच कथा वाचायची आणि ती संपल्यावर लगेच दुसरी उघडायची नाही, अशी सूचनाही दिलीत.

तो संग्रह रत्नाकर मतकरींचा होता. ठाण्यातल्या वस्त्यांमधील मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा करणारे नाटककार म्हणून त्यांच्याविषयी मला आदर होता, पण त्यांच्या गूढकथा मी वाचलेल्या नव्हत्या. त्या कथांमध्ये घर साधे असते, माणसे आपल्या चाळीतली किंवा शेजारच्या इमारतीतली असतात, आणि तरीही कुठल्या तरी वाक्यापाशी खोलीतली हवा बदलल्यासारखी वाटते. ते नेमके वाक्य कोणते हे शोधण्यासाठी मी कथा पुन्हा वाचू लागले, आणि पुन्हा वाचता वाचता माझे लक्ष परत येऊ लागले. नारायण धारपांच्या भयकथा आपण त्यानंतर दिल्यात, आणि मी घरात एकटी असते हे ठाऊक असल्यामुळे त्या दिवसाउजेडी वाचायला सांगितल्यात. मग बाबूराव अर्नाळकर आले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळापहाड हे नायक माझ्या वडिलांच्या बोलण्यात नेहमी असत. वेग हा अर्नाळकरांचा खरा गुण आहे असे मला वाटते; पुरावा तपासत, मागची पाने उलटत बसणाऱ्या वाचकाची भूक मात्र निराळी असते, आणि ती मला लागली आहे हे आपण माझ्याआधी ओळखलेत. तेव्हा कुठे आपण मोठ्या तपासकथांचे कपाट उघडलेत.

त्या वेळी आपण सांगितलेली एक गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आहे. चांगल्या रहस्यकथेत महत्त्वाचा धागा बहुधा सुरुवातीच्या प्रकरणांतच वाचकासमोर ठेवलेला असतो, पण तो एखाद्या वर्णनाच्या मधोमध, जास्त लक्ष वेधणाऱ्या दोन गोष्टींच्या आड असतो. म्हणून लेखक जिथे घाई करतो तिथे वाचकाने थांबावे, असे आपण म्हणालात. हे सांगतानाच आपण हातातल्या कादंबरीची पाने भराभर चाळत होतात आणि एका पानावरचे काहीतरी खोडरबराने पुसत होतात. कोणा आधीच्या वाचकाने समासात पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवले होते. रहस्यकथा वाचणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो, आणि त्याने होणारी हानी भरून निघत नाही, कारण ते पुस्तक पहिल्यांदा वाचण्याची संधी एकदाच मिळते. रहस्यकथा बाहेर देण्यापूर्वी आपण प्रत्येक प्रत अशी तपासता, हे मला त्या दिवशी समजले. कामाच्या यादीत हे काम कुठेही लिहिलेले नसणार.

वाचनाबरोबर बाहेर पडणेही सुटले होते. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी कळवा, ऐरोली आणि वाशी इतक्या जवळ राहत असून आमच्या भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या होत्या. कळव्याच्या मैत्रिणीची दृष्टी मधुमेहामुळे अधू झाली आहे, हे बोलण्याच्या ओघात मी आपल्याला सांगितले, तेव्हा आपण लगेच म्हणालात, "मग तिला वाचून दाखवा, पण शेवटचे प्रकरण वाचण्याआधी थांबा आणि सगळ्यांना आपापला संशय कागदावर लिहायला सांगा." या एका वाक्यातून आमचा शरद ऋतू घडला.

भाद्रपद संपत आला की ठाण्यात पावसाचा जोर ओसरतो आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. दुपारी बाहेर पडणे नकोसे होते, पण सकाळ अगदी वेगळी असते. आम्ही ठाणे स्थानकाबाहेरून पहिल्या बसपैकी एक पकडून येऊरला जाऊ लागलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या बाजूला त्या दिवसांत गवत अजून हिरवे असते, तेरडा उतरणीला लागलेला असतो, आणि पावसाळ्यात वाढलेल्या मोठ्या कोळ्यांची जाळी वाटेच्या दोन्ही कडांना ताणलेली दिसतात. ओढ्याच्या दगडांवर शेपूट वरखाली हलवत फिरणारा करडा धोबी पक्षी दिसला की उत्तरेकडचे पाहुणे यायला लागले हे कळते. कळव्याच्या मैत्रिणीला धोबी दिसत नाही, पण त्याचा बारीक, तुटक आवाज तिला आमच्या आधी ऐकू येतो. वाचून दाखवतानाही हाच अनुभव आला. पात्राने एखादा शब्द आधीच्या संवादात वापरला होता आणि आता मुद्दाम टाळला, हे डोळ्यांनी वाचणाऱ्या आम्हा तिघींच्या लक्षात आले नव्हते. ते तिने कानांनी पकडले.

घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळे गावातील ओवळेकर वाडीतही आम्ही एका रविवारी गेलो. एका शिक्षकाने आपल्या घरच्या जागेत फुलपाखरांसाठी फुलवलेली ही बाग आहे आणि पावसाळ्यानंतरचे दिवस ती पाहण्यासाठी उत्तम असतात. 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्ल्यू मॉरमॉन तिथे डोक्यावरून गेले. अळीला ज्या झाडाचे पान लागते ते झाड लावल्याशिवाय फुलपाखरू बागेत वस्तीला येत नाही. ब्ल्यू मॉरमॉनला लिंबाच्या कुळातली झाडे लागतात, रेड पिएरोला पानफुटी लागते. फुलांकडे पाहत राहणाऱ्याला फुलपाखरे दिसतात, पण ती तिथे का आली याचे उत्तर खालच्या साध्या पानांवर असते. लेखक घाई करतो तिथे थांबावे, हे आपले म्हणणे मी तिथे सर्वांना सांगितले.

चिठ्ठ्यांविषयी आपल्याला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांचा आनंद आपण पाहिलेला नाही. उपवन तलावाच्या काठी बसून आम्ही कादंबरी पुढे नेत असू, आणि शेवटचे प्रकरण आले की पुस्तक मिटून प्रत्येकीने चिठ्ठी लिहायची, ती घडी घालून डब्यात टाकायची. वाशीच्या मैत्रिणीने सारी नोकरी बँकेत केली, त्यामुळे तिचा संशय नेहमी मृत्युपत्र, सही आणि वारस यांच्याभोवती फिरतो. ऐरोलीची मैत्रीण निवृत्त परिचारिका आहे. विष दिल्याचे वाचले की ते किती वेळात चढायला हवे होते याचा हिशेब ती आधी करते आणि त्या वेळी घरात कोण होते ते मागच्या पानांत शोधायला लावते. कळव्याची मैत्रीण बोलण्याच्या ढबीवरून माणूस ओळखते. एकच मजकूर ऐकून चौघी चार ठिकाणी पोहोचतात, आणि आयुष्यभर जे काम केले त्यातूनच प्रत्येकीची नजर घडलेली असते, हे मला इतक्या वर्षांच्या मैत्रीत प्रथमच दिसले. कोजागरीला वाशीच्या गच्चीवर मसाला दूध घेत आम्ही चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा त्यांच्या नोकरीतल्या, संसारातल्या कितीतरी गोष्टी त्या निमित्ताने निघाल्या, ज्या लग्नकार्यातल्या घाईच्या भेटीत कधीच निघाल्या नसत्या.

आणि मग तो प्रसंग, ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहावेसे वाटले. एका जुन्या कादंबरीच्या चिठ्ठ्या डब्यात पडल्या, मी शेवटचे प्रकरण उघडले, आणि त्याची अखेरची पाने बांधणीतून गळून गेलेली निघाली. वाट पाहणे काय असते ते तेव्हा समजले. फोनवर वाद झाले, आधीच्या चिठ्ठ्या बदलायची परवानगी मागितली गेली, ती सर्वानुमते नाकारली गेली. आपल्याला सांगितले तेव्हा आपण प्रत बाजूला ठेवून दुसरे पुस्तक दिले असते तरी कोणी दोष दिला नसता. आपण मात्र दुसऱ्या वाचनालयांत चौकशी केलीत, एका ठिकाणी त्या कादंबरीची पूर्ण प्रत असल्याचे कळल्यावर घरी जाताना वाट वाकडी करून ती पाहून आलात, पाने पूर्ण आहेत याची खात्री केलीत, आणि आमच्यासाठी ती मागवून घेतलीत. शेवट आपल्याला ठाऊक झाला होता, पण प्रत देताना आपण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाहीत. मी विचारणार आहे हे ओळखून आपण म्हणालात, "आधी चिठ्ठ्या उघडा, मग मला सांगा." कळव्याच्या मैत्रिणीची चिठ्ठी बरोबर निघाली. चिठ्ठी तिने सांगितली होती आणि तिच्या नातीने लिहिली होती. त्या नातीने हे रहस्य इतके दिवस कोणाला कळू दिले नव्हते, हेही आपल्याला सांगायला हवे.

1893 साली विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या शहरात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केले, त्या शहरात पुस्तके जपणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. तिच्याविषयी भाषणे होतात, स्मरणिका निघतात. देवघेव विभागात उभी राहून गळालेल्या पानांचा माग काढणारी व्यक्ती त्या परंपरेचाच भाग आहे आणि तिच्याविषयीही कोणीतरी लिहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

दिवाळीच्या सुमारास आपल्या कामावर किती ताण येतो ते मी यंदा पाहिले. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे या ऋतूला वाचनाचे स्वतःचे पर्व मिळाले आहे, आणि अंक आले की सभासदांची रांग जिन्यापर्यंत जाते. त्या गर्दीतही गूढ आणि रहस्यकथांसाठी ओळखले जाणारे 'नवल' आणि 'धनंजय' हे अंक आपण आमच्या गटाच्या वेळेला धरून मला दिलेत, आणि त्यासाठी रांगेतल्या कोणाची पाळी मोडली नाहीत. फराळाचे डबे आणि हे अंक घेऊन आम्ही भाऊबिजेनंतर तलावपाळीवर भेटलो. एकेक कथा एकेकीने वाचून दाखवली, आणि मासुंदा तलावाभोवतीच्या गर्दीतही ऐकणाऱ्यांची नजर हलली नाही.

आता एक विनंती आहे. पुढच्या भेटीत आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाणार आहोत. ठाणे खाडीचा हा परिसर 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तुतारी आणि टिलवे हे पाणपक्षी आधीच आले आहेत, फ्लेमिंगो थंडी वाढेल तसे येतील. तिथली नौकाफेरी भरतीवर अवलंबून असते आणि ऐरोलीची मैत्रीण अजूनही जुन्या कोळी हिशेबाने, तिथीची पाऊणपट करून, भरतीची वेळ अंदाजते; अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. आपण आमच्याबरोबर यावे अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. वाचनालयाची आणि केंद्राची सुट्टी पाहून दिवस आपण ठरवा, तिथी आणि नावेची वेळ ऐरोलीची मैत्रीण जुळवेल, आणि ठाण्याहून ऐरोलीची गाडी आपण बरोबरच पकडू. पुस्तकही आपणच निवडा, पण या वेळी आपण स्वतः न वाचलेले निवडा, म्हणजे चिठ्ठी आपल्यालाही लिहिता येईल.

आपली कृतज्ञ,
एक सभासद
नौपाडा, ठाणे