पाडव्याऐवजी अक्षय्य तृतीयेला

मेलबर्न, 12 मार्च 2022

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर आई रडली असती आणि मी बेत रद्द केला असता, म्हणून लिहीत आहे. सोमवारी पहाटे मी आमच्या स्टेट इमर्जन्सी सर्व्हिसच्या, म्हणजे पूर-वादळात मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या, तुकडीबरोबर न्यू साउथ वेल्समधल्या पूरग्रस्त लिस्मोरला आठवडाभरासाठी जात आहे. इथल्या कायद्याप्रमाणे अशा स्वयंसेवकांना नोकरीतून रजा मिळते, परंतु लगोलग दुसरी मोठी सुटी मागणे मला योग्य वाटले नाही. म्हणून पाडव्याचे तिकीट बदलून अक्षय्य तृतीयेचे केले आहे. दोन वर्षे तुम्हाला वाट पाहायला लावली आणि आता आणखी एक महिना. आईने माझी खोली आवरून ठेवली असेल, या विचाराने काल झोप लागली नाही.

28 फेब्रुवारीला लिस्मोरची विल्सन्स नदी 14.4 मीटरवर गेली. शहराला बांध आहे, पण तो साडेदहा मीटरच्या आसपासचा. आणि हे पाणी आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराहूनही दोन मीटरहून अधिक चढले. खांबांवर उभारलेल्या घरांत वरच्या मजल्यावर आपण सुरक्षित आहोत असे मानून थांबलेल्या माणसांना छपरावर चढावे लागले आणि कितीतरी जणांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच आपल्या लहान पत्र्याच्या होड्यांतून वाचवले. बाबा, सांगलीच्या गावभागातल्या घरात तुम्हीही 2005 च्या पुराची खूण दाखवून म्हणत होता की पाणी याच्या वर येत नाही. 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा ती खूण कुठे बुडाली ते दिसलेसुद्धा नाही.

त्या वेळी मी इथे दीड दिवस तुमचा बंद फोन लावत बसले होते. आजीला पाठीवर घेऊन जिना उतरणाऱ्या त्या जवानाने बाबांच्या औषधांची पिशवी स्वतःच्या रेनकोटमध्ये गुंडाळली, हे आई अजून सांगते. तो कुठला, त्याच्या घरी कोण, हे आपण कोणीच विचारले नाही. त्याच्याही आईने त्या आठवड्यात फोनची वाट पाहिली असेल. पुढच्याच वर्षी मी इथे नाव नोंदवले, ते त्याच्यामुळे.

बाबा, तुमच्या मनात पहिल्यांदा 2019 च्या पुरात उलटलेली ब्रह्मनाळची नाव येईल, हे मला ठाऊक आहे. मी नावेत बसणार नाही. ते काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण वेगळे असते आणि ते मी घेतलेले नाही. आमच्याकडे पाणी ओसरल्यानंतरची कामे आहेत: घरोघर जाऊन पाहणी करणे, फुटलेल्या छतांवर ताडपत्री बांधणे, गाळात रुतलेले सामान बाहेर काढणे. गमबूट, हातमोजे, हेल्मेट सारे मिळते. राहण्याची जागा पाण्यापासून लांब आहे, जेवण वेळेवर मिळते, आणि आई, तुझ्या मेतकुटाची बरणी पिशवीत सर्वांत आधी ठेवली आहे. केस रोज कोरडे करीन. लहानपणी भिजून आले की तू पदराने डोके पुसायचीस आणि सुंठेचा काढा पुढे करायचीस. परवा सरावात चिंब भिजले तेव्हा खरोखर तोच वास आठवला.

आता माझे ऐका. बाबांनी माळ्यावर चढायचे नाही. जूनआधी खालच्या खोलीतले सामान वर न्यायचे असेल तर पैसे देऊन माणूस लावा. रक्तदाबाची गोळी 'आज बरे वाटते' म्हणून चुकवू नका. आई, साखरेची तपासणी मी येईपर्यंत लांबवू नकोस, याच आठवड्यात करून घे आणि कागदाचा फोटो पाठव. रागावून सांगत नाही, काळजी वाटते म्हणून सांगते. गुढी नेहमीसारखी उभारा. श्रीखंड मात्र माझ्या वाट्याचे अक्षय्य तृतीयेला ताजे करायचे.

मी रोज इथल्या संध्याकाळी सातला, म्हणजे तुमच्या दुपारी दीडला फोन करीन. एखाद्या दिवशी उशीर झाला तर घाबरू नका, तिथे सगळीकडे रेंज असेलच असे नाही. मोबाइलचा आवाज मोठा ठेवा, आणि बाबा, आठवडाभर तुमची वामकुक्षी तेवढी अर्ध्या तासाने पुढे न्या.

तुमची,
चिऊ